बातमीतला 'पॉझिटिव्ह' कोणत्या तपासणीचा?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या चंद्रपूर जिल्हा पानावर मागच्या आठवड्यात आमच्या भागातल्या एका गावात टायफॉइडचा उद्रेक झाल्याची बातमी होती. गावात शिबिर झाले, पन्नासेक लोकांचे रक्त घेतले, त्यातले निम्म्याहून जास्त 'पॉझिटिव्ह' निघाले, लोक धास्तावले आहेत, असा मजकूर होता. सरपंचांचा फोटो होता, पाण्याच्या टाकीचा फोटो होता. बातमी दोनदा वाचूनही मला एक गोष्ट सापडली नाही. तपासणी कोणती केली होती? तिचे नाव बातमीत कुठेच नाही.

मी शासकीय सेवेत प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. आधी गडचिरोली जिल्ह्यात, नंतर निवृत्तीपर्यंत चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात. नोकरी संपली तरी गावातले लोक रिपोर्ट घेऊन अंगणात येतातच. 'बाई, हे पाहून सांगा बरं, काय निघालं?' डॉक्टरांनी काय सांगितले ते त्यांना आठवत नसते, कागदावरची लाल अक्षरे मात्र ते बोट ठेवून दाखवतात. म्हणून हे पत्र. लांबले तर आपण कात्री लावालच, पण विडालचा भाग कापू नये ही विनंती.

तर विडाल. खेड्यात 'टायफाइडची तपासणी' म्हणतात ती दहापैकी नऊ वेळा हीच. फ्रान्सचे डॉक्टर फर्नांद विडाल यांनी १८९६ मध्ये ती पुढे आणली आणि आजही आमच्याकडे तीच चालते, कारण स्वस्त आहे आणि तासाभरात कागद हातात पडतो. रुग्णाच्या रक्तातला वरचा पिवळसर भाग, म्हणजे सीरम, काचेवर घ्यायचा, त्यात टायफॉइडच्या मेलेल्या जंतूंचे रंगीत द्रावण मिसळायचे, काच मिनिटभर हलवायची आणि बारीक गुठळ्या होतात का ते पाहायचे. गुठळ्या झाल्या तर त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात आहेत. सीरम किती पातळ करेपर्यंत गुठळ्या दिसतात त्यावरून १:८०, १:१६० असे आकडे लिहितात. काच जास्त वेळ तशीच राहिली तर थेंब सुकतो आणि सुकलेला थेंबही गुठळ्यांचा भास देतो. नळीतली विडाल जास्त भरवशाची, पण तिला रात्रभर ठेवावे लागते. एवढी वाट पाहायला शिबिरात कोण थांबते?

मुद्दा असा की ही तपासणी जंतू पाहत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे पाहते. आमच्या ब्रह्मपुरी-नागभीड-सिंदेवाही पट्ट्यातल्या माणसाला हे वाघावरून पटकन समजते. धानाच्या बांधीत, म्हणजे शेताच्या वाफ्यात, पंजे उमटलेले दिसले म्हणजे वाघ इथून गेला एवढे नक्की. तो आज गेला, परवा गेला, की आता धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, बसला आहे, हे पंज्यावरून लगेच कळत नाही. विडालचे तसेच आहे. माणसाला दोन वर्षांपूर्वी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, किंवा नकळत जंतू पोटात जाऊन निघूनही गेला असेल, तरी प्रतिपिंडे उरतात. विडालमध्ये 'ओ' आणि 'एच' अशी दोन प्रकारची प्रतिपिंडे पाहतात, त्यातली 'एच' प्रकारची तर जास्तच दिवस टिकतात. जिथे टायफॉइड वर्षानुवर्षे आहे तिथे ठणठणीत माणसांच्या रक्तातही थोडीफार गुठळी दिसते. वर मलेरियासारखा दुसराच ताप आला तरी जुनी प्रतिपिंडे वाढतात. म्हणून पुस्तकात लिहिलेले असते की एका नमुन्यावर भिस्त ठेवू नका, सात ते दहा दिवसांनी दुसरा नमुना घ्या आणि प्रमाण चौपट झाले तरच त्याला अर्थ आहे. माझ्या नोकरीत दुसऱ्या नमुन्यासाठी परत आलेले रुग्ण मला बोटावर मोजता येतील. ताप उतरला तर येत नाहीत, नाही उतरला तर नागपूरला जातात.

उलट बाजूही आहे. ताप येऊन तीन-चार दिवसच झाले असतील तर खऱ्या टायफॉइडमध्येही विडाल निगेटिव्ह येते, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडाभर लागतो. म्हणजे लवकर केली तर खरा रोग नजरेतून निसटतो आणि कधीही केली तर नसलेला रोग निघू शकतो.

खरी तपासणी ब्लड कल्चरची. त्यात रक्तातला जंतू वाढवून प्रत्यक्ष दिसतो आणि त्याच्यावर कोणते औषध चालते तेही कळते. तीही शंभर टक्के नाही. शंभर खऱ्या रुग्णांपैकी साधारण साठ जणांत जंतू सापडतो, आणि आधी अँटिबायोटिक दिले असेल तर त्याहून कमी. पण कल्चरमध्ये टायफॉइडचा जंतू निघाला तर तो आहेच, त्यावर वाद नाही. रक्त आधी घ्यायचे आणि गोळी नंतर द्यायची, एवढाच क्रम पाळावा लागतो. आमच्याकडे तो उलटा असतो. मेडिकलमधून गोळ्या, मग सलाईन, मग इंजेक्शन, आणि पाचव्या दिवशी 'बाई, रक्त तपासा'.

आता या गोंधळाची किंमत काय, ते सांगते. आमच्या वॉर्डातली एक बाई, मजुरी करते. रोवणी झाली होती, धुऱ्यावरचे गवत कापायला जायची. भादव्यात तिला ताप आला. डोके फुटेल असे दुखायचे, अंग ठणकायचे. तालुक्याच्या ठिकाणी एका खासगी लॅबमध्ये विडाल केली, 'ओ' १:१६० निघाले, आणि कागदावर मोठ्या अक्षरात 'टायफॉइड पॉझिटिव्ह'. 'टायफाइड निघाला मले,' ती जवळजवळ समाधानानेच म्हणाली. निदान नाव तरी मिळाले! रोज इंजेक्शन सुरू झाले. औषध टायफॉइडसाठी योग्यच होते. ताप मात्र हटेना. सहाव्या दिवशी तिची पोरगी मला बोलवायला आली. मी डॉक्टर नाही, औषध सांगत नाही. पण गवतात काम करणाऱ्या माणसाचा ताप म्हटला की काय पाहायचे ते नोकरीने शिकवले आहे. तिच्या काखेत एक काळी खपली होती, कडा लालसर. दुखत नव्हती म्हणून तिने कोणाला दाखवली नव्हती आणि कोणी विचारलीही नव्हती.

ही खपली स्क्रब टायफसची. गवता-झुडपातल्या किडीची इवलीशी अळी चावते, त्यातून हा आजार होतो. विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात याचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले तेव्हा वर्तमानपत्रांनी बरेच लिहिले होते, आपणही लिहिले असेल. त्यावर डॉक्सीसायक्लिन चालते, अगदी साधे, स्वस्त औषध. तिला जी इंजेक्शने दिली जात होती ती या जंतूवर चालत नाहीत. दवाखान्यात नेले, डॉक्टरांनी खपली पाहिली, औषध बदलले आणि दोन दिवसांत ताप उतरला. ती वाचली. हा आजार दुर्लक्षित राहिला तर फुप्फुसे, किडन्या, मेंदू यांवर जातो आणि माणसे दगावतात. इथे विडालच्या कागदाने खोटे काही सांगितले नव्हते. प्रतिपिंडे होती, कागदाने ती दाखवली. खोटे होते ते त्याखालचे 'टायफॉइड पॉझिटिव्ह' हे दोन शब्द. ते लिहिणे लॅबचे काम नाही. लॅबने आकडा लिहावा, पद्धत लिहावी, काचेवरची की नळीतली हे लिहावे. रोगाचे नाव डॉक्टर ठेवतील.

आणि 'टायफाइड उलटला' हा आमच्याकडचा लाडका आजार! खरा टायफॉइड काही जणांत उलटतो, हे खरे आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या कागदांत बहुतेक वेळा असे असते की औषध झाले, ताप गेला, माणूस भात-वरण जेवू लागला, आणि महिन्याभराने कोणीतरी 'एकदा तपासून घे' म्हटले म्हणून पुन्हा विडाल केली. ती पॉझिटिव्हच येणार, प्रतिपिंडे महिन्यात थोडीच जातात! मग 'अजून अंगात आहे' म्हणून पुन्हा सात दिवसांची इंजेक्शने. धान विकून आलेले पैसे असे जातात, आणि गरज नसताना दिलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकबरोबर पुढच्या खऱ्या रुग्णासाठी ते औषध निकामी होत जाते.

मलेरियाच्या किटमध्येही हेच होते. गडचिरोलीत असताना आम्ही जेएसबी रंग लावून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचो. परजीवी दिसला तर दिसला. पुढे बोटाच्या थेंबावर होणारे रॅपिड किट आले आणि दुर्गम गावांत त्यांनी जीव वाचवले, त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण फॅल्सिपॅरम मलेरियाचे किट जे प्रथिन पकडते ते परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहते. औषध पूर्ण झालेल्या माणसाची तीन आठवड्यांनी किटवर तपासणी केली आणि रेष उमटली तर मलेरिया अजून आहे असे होत नाही. तिथे काचपट्टीच पाहायला हवी.

आता आपल्या बातमीतल्या शिबिराकडे येते. दवाखान्यात बसून केलेली तपासणी आणि गावात तंबू ठोकून सरसकट केलेली तपासणी यांत फार फरक असतो. किट तेच, हात तेच, तरी निकालाचा अर्थ बदलतो. हे लोकांना पटत नाही म्हणून मी त्यांना कागदावर मांडून दाखवते. आकडे समजण्यापुरते आहेत, कोणत्या एका किटचे नाहीत. समजा एक तपासणी आहे. ती शंभर आजारी माणसांतल्या ९० जणांना पकडते, १० सुटतात. आणि शंभर निरोगी माणसांतल्या १० जणांना उगाचच पॉझिटिव्ह दाखवते. ऐकायला बरी वाटते ना? दवाखान्यात डॉक्टरांनी पोट तपासले, ताप कसा चढतो ते विचारले, आणि ज्यांच्यावर निम्मा-निम्मा संशय आहे अशा शंभर जणांना पाठवले. त्यातले ५० खरे आजारी. त्यांपैकी ४५ पॉझिटिव्ह येतील, निरोगी ५० पैकी ५ येतील. एकूण ५० पॉझिटिव्ह, त्यातले ४५ खरे. म्हणजे पॉझिटिव्ह कागदावर नव्वद टक्के विश्वास.

तीच तपासणी घेऊन गावात जा. हजार माणसे रांगेत उभी करा, ताप असलेली, नसलेली, सलाईनच्या आशेने आलेली, शाळेतून आणलेली पोरे. समजा त्यांत खरे आजारी फक्त १० आहेत. त्यांतले ९ पकडले जातील. उरलेल्या ९९० निरोगी माणसांतले दहा टक्के, म्हणजे ९९, उगाचच पॉझिटिव्ह येतील. एकूण १०८ पॉझिटिव्ह, त्यात खरे आजारी ९. म्हणजे बारात एक. बातमी मात्र '१०८ जण बाधित' अशी छापून येईल आणि त्यात कोणी खोटे बोललेले नसेल.

निगेटिव्हचे गणित याच्या उलट चालते. शिबिरातल्या निगेटिव्ह कागदावर बिनधास्त विश्वास ठेवता येतो, पण ज्याच्यावर डॉक्टरांचा दाट संशय आहे त्याचा निगेटिव्ह कागद तेवढा पक्का नसतो. वरच्याच हिशेबात दवाखान्यातले ५० निगेटिव्ह पाहा, त्यांतले ५ आजारी आहेत. कोविडच्या काळात हे सगळ्यांनी अनुभवले. लक्षणे आहेत आणि रॅपिड अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करा, असा आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, नियमच होता. तो नियम कोणी समजावून सांगितला नाही म्हणून लोकांना वाटले की दोनदा नाकात काडी घालून उगाच छळतात.

आमच्या भागात सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा लाल पेशींचा आजार, हा घराघरातला विषय आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार आटोक्यात आणायचा असे त्याचे उद्दिष्ट आहे. चांगले आहे. पण शिबिरात होणारी पहिली तपासणी बहुतेक ठिकाणी सोल्युबिलिटीची असते. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, मागे धरलेल्या कागदावरच्या रेषा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. रक्तात 'एस' हिमोग्लोबिन आहे एवढेच ती सांगते. माणूस वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), हे ती सांगतच नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. आता काही ठिकाणी दोन्ही वेगळे दाखवणारी छोटी किटही आली आहेत, पण सगळीकडे पोचलेली नाहीत.

या दोन तपासण्यांच्या मधल्या काळात काय होते ते मी पाहिले आहे. ओळखीतल्या एका मुलीचे लग्न जमले होते. कॉलेजच्या शिबिरात सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली. चार दिवसांत गावभर झाले, पोरीला सिकलसेल आहे. मुलाचे मामाजी माझ्याकडे आले.

'बाई, पोरगी चांगली आहे. पण रिपोट पॉझिटिव आहे ना जी.'

'पक्का रिपोर्ट यायचा आहे. मुलाचं रक्त पाह्यलं का?'

'मुलाचं कायले? मुलगा तर धडधाकट आहे.'

वाहकही धडधाकटच असतो, हे मी त्यांना पेन-कागद घेऊन समजावले. आई वाहक आणि बाप साधा असेल तर एकही मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही, काही मुले फक्त वाहक होतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे प्रश्न एकट्या मुलीच्या कागदाने सुटतच नाही, दोन्ही कागद शेजारी ठेवावे लागतात. मुलीचा पक्का रिपोर्ट आला, एएस. ती वाहक आहे, तिला आजार नाही. तोवर बैठक मोडली होती. मुलाने तपासणी करून घेतल्याचे मी अजून ऐकले नाही. तो उद्या दुसरीकडे लग्न करेल आणि ती दुसरी मुलगीही वाहक निघाली तर? पण पोरीच्या रक्ताची चौकशी करायची आणि पोराच्या रक्ताकडे बघायचे नाही, ही रीत प्रयोगशाळेत बदलता येत नाही.

याच तपासणीचा निगेटिव्ह निकालही कधी कधी फसवतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात जन्माच्या वेळचे हिमोग्लोबिन भरपूर असते, 'एस' कमी असते, म्हणून सोल्युबिलिटी निगेटिव्ह येऊ शकते. रक्त फारच कमी असेल किंवा नुकतेच बाहेरचे रक्त चढवले असेल तरीही तसेच. आईने तो निगेटिव्ह कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला असतो आणि दीड वर्षाच्या लेकराची बोटे सुजतात, ते रात्रभर रडते, तेव्हा ती म्हणते, 'याला सिकलसेल नाही, तपासलं आहे.' तो कागद कोणत्या वयात केलेल्या तपासणीचा आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. जाता जाता एवढेच की, सिकलसेलच्या रुग्णांत रक्तातल्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी त्यांच्यात भरवशाची राहत नाही. साखर आहे त्यापेक्षा कमी दिसते. आमच्या भागात मधुमेहाचे रुग्ण वाढताहेत, तेव्हा डॉक्टरांनी कागद वाचण्याआधी सिकलसेलचे विचारावे.

सगळेच असे चालते असे नाही. एचआयव्हीच्या बाबतीत शासनाने पहिल्यापासून शिस्त ठेवली. लक्षणे नसलेल्या माणसाला पहिल्या किटवर रेष आली म्हणून कोणी पॉझिटिव्ह ठरवत नाही. वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी तीन किट वापरतात, तिन्ही जुळली तरच निकाल, आणि तोही समुपदेशक समोर बसवून, समजावून सांगतात. आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन व तपासणी केंद्रात, मी हे वर्षानुवर्षे पाहिले. पहिल्या किटवर रेष, दुसऱ्या-तिसऱ्यावर नाही, असे नमुने येतात, आणि ती माणसे काही न घडल्यासारखी घरी जातात. हीच तपासणी एका किटवर तंबूत झाली असती आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आली असती तर? डेंग्यूबाबतही सरकारी मोजणीत प्रयोगशाळेतल्या एलायझा तपासणीचा निकालच धरतात, रॅपिड कार्डाचा नाही. म्हणजे नियम आहेत. विडालपाशी आल्यावरच आपण सगळे विसरतो.

तपासणी कितीही चांगली असली तरी नमुना आणि किट कुठून कसे आले हे कोणी पाहते का? किटच्या डब्यावर तापमानाची मर्यादा छापलेली असते, बऱ्याच किटवर ३० अंशांची. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४६ च्या पुढे जातो. आशाताईच्या पिशवीत, पत्र्याच्या उपकेंद्रात, मोटारसायकलच्या डिकीत किट काय होत असेल? आशाताईचा त्यात दोष नाही, तिला फ्रिज कोणी दिला आहे? रेष किती मिनिटांनी वाचायची तेही डब्यावर असते. अर्ध्या-पाऊण तासाने पाहिलेली फिकी रेष कामाची नाही. आणि नियंत्रणाची, म्हणजे किट नीट चालते हे दाखवणारी, रेष उमटली नाही तर किटच बाद, त्याला निगेटिव्ह म्हणायचे नसते. रक्ताच्या नळ्यांचे तर विचारू नका. बाजाराच्या दिवशी गोळा केलेले रक्त संध्याकाळच्या गाडीने नागपूरला जाते. साध्या नळीत पेशी साखर खात राहतात, उन्हात जास्तच, त्यामुळे साखर खरी असते त्यापेक्षा कमी येते. म्हणूनच साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी असते. पेशी फुटल्या तर पोटॅशियम उगाचच वाढलेले दिसते आणि घरच्यांना किडनीची भीती घालून पाठवले जाते.

हल्ली एक नवीनच प्रकार आला आहे, 'संपूर्ण शरीर तपासणी', साठ-सत्तर तपासण्या एका झटक्यात. यात्रेत, पतसंस्थेच्या वर्धापनदिनी, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला. रिपोर्टात शेजारी छापलेली 'नॉर्मल' मर्यादा बहुधा अशी ठरवतात की शंभर निरोगी माणसांतले ९५ तिच्या आत बसतात. म्हणजे पाच निरोगी माणसे मुळातच बाहेर राहतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा वीस तपासण्या एका ठणठणीत माणसाच्या केल्या तर एक तरी आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के होते. साठ तपासण्या केल्या तर एकही लाल अक्षर न दिसणे हेच नवल. मग त्या लाल अक्षरासाठी पुढची तपासणी, त्यासाठी नागपूरची फेरी, एका दिवसाची मजुरी बुडाली. अंगणात येणाऱ्या लोकांना मी आधी हेच विचारते की तुम्हाला होत काय होते? बरेच जण म्हणतात, 'काहीच नाही जी, फुकट होतं म्हणून केलं.'

गावातल्या डॉक्टरांवर सगळे ढकलणे मला पटत नाही. त्यांच्याकडे कल्चरची सोय नाही, निकाल यायला तीन-चार दिवस लागतात, आणि रुग्णाला आजच कागद हवा असतो. 'रिपोटात काही निघालं नाही, मग डॉक्टर कायचा?' असे लोकच म्हणतात. पण ग्रामीण रुग्णालयात कल्चरच्या बाटल्या ठेवून त्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवणे, ही काही चंद्रावर जायची गोष्ट नाही. क्षयरोगाच्या बेडक्याचे नमुने रोज जातातच की त्याच रस्त्याने.

आपल्याकडून माझी अपेक्षा साधी आहे. उद्रेकाची बातमी देताना वार्ताहराने तपासणीचे नाव विचारावे, ती झालेल्या लोकांत खरोखर ताप असलेले किती होते ते विचारावे, आणि पक्क्या तपासणीसाठी नमुने पाठवले की नाही ते विचारावे. या बातमीत टाकीचा फोटो होता, पण टाकीतल्या पाण्याची क्लोरिनसाठी ओटी टेस्ट केली का, आणि केली असेल तर काय आले, हे नव्हते. ती टेस्ट उभ्या उभ्या होते, ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडे तिचे द्रावण असायला हवे. पाण्याचा नमुना जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत गेला का, तेही नव्हते. गावात खरोखर टायफॉइड असेल तर याच दोन गोष्टींवरून तो थांबवता येईल. आणि टायफॉइड नसून गवतातल्या किडीचा ताप असेल तर टाकी कितीही धुतली तरी माणसे आजारी पडतच राहतील. हंगाम त्याचाच आहे.

आपल्या वार्ताहराने त्या गावाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक फोन करून पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी किती जणांचे ब्लड कल्चर झाले आणि किती जणांच्या अंगावर काळी खपली पाहिली, हे विचारून छापावे. एकाचेही झाले नसेल, एकालाही पाहिले नसेल, तर तेही छापावे.

आपली,
एक सेवानिवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
ता. नागभीड, जि. चंद्रपूर